मुलांच्या पायाचे नख : कोपरा कोरू नका



गोठ्यातला बैल पाय उचलून टेकू लागला की आपल्याला चैन पडत नाही. आपण त्याचा खूर धुतो, काटा मोडला आहे का, पत्रीचा खिळा जिव्हारी लागला आहे का ते पाहतो आणि त्या दिवशी त्याला औताला जुंपत नाही. घरातले पोर लंगडत शाळेतून आले तर मात्र ‘खेळताना लागले असेल’ असे म्हणून आपण आपल्या कामाला लागतो. पोरही काही बोलत नाही, कारण बोलले तर आई पाते घेऊन बसेल हे त्याला ठाऊक असते. चार दिवसांनी ते बूट नको म्हणते. आठ दिवसांनी गोधडीचा नुसता स्पर्श झाला तरी कळवळते. तेव्हा कुठे त्याचा पाय उजेडात धरला जातो. अंगठा सुजून टरारलेला असतो, नखाची एक कड मांसात दिसेनाशी झालेली असते आणि तिथून काहीतरी पाझरत असते.

याला कोणी नख रुतले म्हणतात, कोणी नख आत वाढले म्हणतात, कोणी सरसकट नखुरडे म्हणून मोकळे होतात. कुरूप निराळे आणि चिखल्याही निराळ्या. कुरूप म्हणजे सततच्या दाबाने घट्ट झालेली कातडी. चिखल्या पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होतात. आपण ज्याबद्दल बोलत आहोत ते दुखणे बहुधा पायाच्या अंगठ्याला होते आणि नखाच्या एका किंवा दोन्ही कडांना होते. मी शेतीखात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. पण गावोगाव फिरताना हे दुखणे इतक्या घरांत पाहिले आहे, आणि ते घरच्याच इलाजांनी इतके चिघळलेले पाहिले आहे, की या आठवड्यात पिकाऐवजी त्यावरच लिहावे असे वाटले.

पोरगे कळवळू लागले की आपण काय करतो? दाढीचे पाते किंवा नेलकटरचे टोक घेऊन रुतलेला कोपरा खोल कोरून काढतो. पोर बोंबलते, थोडे रक्त येते आणि दुसऱ्या दिवशी त्याला खरोखर बरे वाटते. फसगत होते ती इथेच. महिना-दीड महिन्यात त्याच जागी पुन्हा ठणका लागतो आणि या वेळी तो पहिल्यापेक्षा जास्त असतो.

असे का होते ते नीट समजून घ्या. नखाचा कोपरा बाजूच्या मांसावर टेकलेला असतो आणि त्या मांसाला खाली दाबून ठेवत असतो. तो कोपरा काढला की दाब गेला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत मांस वर येते. मागून नख तर वाढतच असते. ते पुढे सरकते आणि वर आलेल्या मांसात घुसते. शिवाय आत कोरताना पाते शेवटपर्यंत पोचत नाही. नखाचे एक बारीक, कुसळासारखे टोक आत राहून जाते, आणि गवताचे कुसळ जसे पुढेच सरकते, मागे येत नाही, तसे ते टोक दर दिवशी थोडे थोडे आत शिरते. बांधावरची हराळी नुसती वरून खुरपली आणि काश्या जमिनीत राहिल्या तर दोन पावसांत काय होते ते तुम्हाला सांगायला नको.

नखाच्या मध्यभागी खाच पाडली म्हणजे कडा आपोआप वर उचलल्या जातात, असेही काही घरांत मानतात. नख मुळापासून वाढते, टोकाकडून नव्हे. टोकाला खाच पाडून मुळाला काही कळत नाही.

नख कापायचे कसे

पायाचे नख आडवे, सरळ कापावे. दोन्ही कोपरे कातडीच्या वर दिसत राहिले पाहिजेत. हाताची नखे आपण गोल कापतो तशी पायाची कापू नयेत. बोटाच्या टोकापेक्षा आत जाईल इतके आखूडही कापू नये. कोपरा टोचत असेल तर कानशीने किंवा नेलकटरच्या खरबरीत पट्टीने तेवढेच टोक बोथट करावे. आंघोळ झाल्यावर नख मऊ असते, तेव्हा कापले तर तडकत नाही. साधारण दोन-तीन आठवड्यांतून एकदा पाहिले तरी पुरे. नेलकटर घरात एकच असेल तर वापरल्यावर साबणाने धुऊन पुसावे, कारण एकाच्या नखाची बुरशी दुसऱ्याला लागते.

दिवेलागणीनंतर नखे काढू नयेत असे आपली म्हातारी माणसे सांगत. त्याची कारणे ती काहीही देत असोत, कंदिलाच्या उजेडात नराणीने नख काढणे म्हणजे बोट कापून घेणे, एवढे शहाणपण त्यात नक्की होते. आता घरोघर वीज आहे, पण लोडशेडिंगही आहे. दिवसाउजेडी, ओसरीत बसूनच हे काम करा.

मुले स्वतः बोटाने नख सोलून काढतात. विशेषतः लावणीच्या दिवसांत, तासन् तास चिखलपाण्यात राहून नख भिजून मऊ पडले की कडेचा तुकडा सहज निघतो. तो सरळ निघत नाही, आतल्या बाजूला फाटत जातो. ठेच लागून नख दुभंगले तरी तेच होते. दहा-बारा वर्षांच्या पुढे हे दुखणे जास्त दिसते, कारण त्या वयात पाय भराभर वाढतो, पायाला घाम सुटतो आणि कबड्डी, खो-खो, धावणे यांत अंगठ्यावर सारखा मार बसतो. काही घराण्यांत नखाची ठेवणच वाकडी किंवा रुंद असते. बापाला त्रास झालेला असेल तर मुलाचा पाय आधीपासून बघत राहावे.

बुटाचे माप सुतळीने घेऊ नका

पूर्वी खेड्यातली मुले अनवाणी किंवा चपलेत वावरत. आता शाळेत बूट-मोजे आले. २०२३ साली राज्य शासनाने सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच आहे. पायाला काटा, काच, जंत यांपासून संरक्षण मिळते. पण बूट मापाचा नसेल तर तोच बूट दिवसातले सहा-सात तास अंगठ्याच्या नखाला बाजूच्या मांसात दाबत राहतो.

आपल्याकडे बूट कसे आणतात? बाप तालुक्याच्या बाजाराला निघाला की आई पोराच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी लावून तुकडा तोडून देते. सुतळीने लांबी कळते, पण रुंदी कळत नाही, आणि अंगठा दाबला जातो तो बहुतेक रुंदीत. त्यापेक्षा असे करा. एका पुठ्ठ्यावर मुलाला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करा. बसवून माप घेऊ नका, कारण उभे राहिल्यावर पाय पसरतो. पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पावले आखा. सर्वांत लांब बोटाच्या पुढे आपल्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा वाढवून पुठ्ठा कापा. एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो, तेव्हा मोठ्या पायाचा पुठ्ठा खरा माना. दुकानात तो बुटात सरकवून पाहा. पुठ्ठ्याची कड कुठे दुमडली तर तो बूट आपला नव्हे. मूल बरोबर असेल तर संध्याकाळच्या सुमारास, मोजे घालून, उभे करून बूट पाहावा. दिवसभरात पाय थोडा फुगतो.

दुसरी खोड म्हणजे ‘वाढता पाय आहे, दोन वर्षे पुरला पाहिजे’ म्हणून दोन नंबर मोठा बूट घेणे. पैशाची ओढ मला कळते. पण सैल बुटात पाय चालताना पुढे घसरतो आणि अंगठा टोकावर आपटतो. घ्यायचाच झाला तर थोडा मोठा आणि नाडीचा घ्यावा. नाडी आवळून बांधली की पाय जागेवर राहतो. दर तीन-चार महिन्यांनी बुटाच्या टोकावर बोट दाबून जागा उरली आहे का पाहावे. थोरल्याचा जुना बूट धाकट्याला देतानाही हीच पारख करावी.

मोजे सुती असावेत आणि रोज धुवावेत. पावसाळ्यात भिजलेले मोजे दिवसभर पायात राहिले तर नखही मऊ पडते आणि कातडीही. एक जोडी वाळत आणि एक पायात, असा क्रम ठेवला की झाले.

मूल शेतावर गमबूट घालत असेल तर तेही पुढून रुंद हवेत. ‘बुटाने नख रुतते, तर बूटच नको’ असा मात्र अर्थ काढू नका. पावसाळ्यात रात्री शेतावर किंवा बांधावर जाताना बंद बूट आणि हातात बॅटरी ही सापापासूनची राखण आहे. ती सोडायची नाही.

घरी काय करावे

नखाच्या कडेला दाबले की दुखते, थोडी लाली आणि सूज आहे, पण पू नाही, अशी सुरुवात असेल तर घरी बरे होण्याची चांगली शक्यता असते. सकाळ-संध्याकाळ आणि जमल्यास दुपारी पंधरा मिनिटे पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवावा. दोन लिटर पाण्यात चहाचे दोन चमचे मीठ पुरते. पाणी आधी आपल्या कोपराला लावून पाहावे. मूल अंगठा सुन्न झाल्यावर चटका सांगत नाही. आणि इथे शेतीखात्याचा माणूस म्हणून एक गोष्ट बजावतो. ज्या बादलीत किंवा टोपात कधीही कीटकनाशक कालवले आहे, ती बादली कितीही घासली असली तरी या कामाला घेऊ नका. काही औषधे कातडीतूनही अंगात भिनतात आणि इथे तर कातडी फुटलेली आहे.

पाण्यातून काढल्यावर पाय स्वच्छ फडक्याने टिपून कोरडा करावा. आता नख आणि मांस दोन्ही मऊ असतात. बोटाच्या टोकाने कडेचे मांस हळूहळू नखापासून दूर, खालच्या बाजूला दाबावे. मग औषधाच्या दुकानातला स्वच्छ कापूस घेऊन आपण देवापुढची वात वळतो तशी अगदी बारीक वात वळावी आणि तिचे टोक नखाच्या कोपऱ्याखाली अलगद सरकवावे. हेतू इतकाच, की नख मांसावरून किंचित उचलले जावे आणि वरून पुढे वाढावे. जबरदस्ती करायची नाही. पहिल्या दिवशी नुसती टोकाशी टेकली तरी चालेल. वात रोज बदलावी, एकच वात चार दिवस ठेवली तर तिच्यातच घाण साठते. वऱ्हाड-मराठवाड्यात घरात कापसाचे ढीग असतात, पण शेतातला कापूस यासाठी घेऊ नये, त्यात धूळ, काडीकचरा आणि फवारणीचा अंश असतो.

या काळात पायात पुढून उघडी चप्पल असावी, अनवाणी नव्हे. चिखलात, गोठ्यात आणि नाल्यात जाणे बंद. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल मुलाच्या वजनाप्रमाणे देतात. किती द्यायचे ते आरोग्यसेविकेला किंवा डॉक्टरला विचारून द्यावे. मोठ्यांची अॅस्पिरिनची गोळी मोडून मुलाला कधीही देऊ नये.

चार-पाच दिवसांत ठणका उतरायला हवा. पण ठणका उतरला म्हणजे काम संपले असे नाही. कोपरा कातडीच्या पुढे येईपर्यंत वात आणि कोमट पाणी चालू ठेवावे लागते. पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत नवे नख यायला वर्ष ते दीड वर्ष लागते, म्हणजे जवळजवळ आडसाली उसाइतका काळ. उसाला आपण तेवढा धीर धरतो.

काय लावू नये

भाताच्या पट्ट्यातल्या एका गावी लावणीच्या प्रात्यक्षिकाला सगळी पोरेटोरे चिखलात उतरली होती आणि बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा बांधावर टाचेवर उभा होता. पायाला चिंधी होती. सोडून पाहिली तर आत बिब्बा. घरच्या म्हातारीने मायेपोटी लावला होता. नख रुतलेले होतेच, वर अंगठ्याची सगळी कातडी भाजून फोड आले होते. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना आधी भाजलेले बरे करावे लागले आणि मग नखाकडे वळता आले. पोराची तीन आठवड्यांची शाळा बुडाली. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते. ते मुलांच्या कुठल्याही जखमेला लावायचे नाही.

शेण, माती आणि राख तर मुळीच नको. शेणात आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि रुतलेल्या नखाची जखम खोल, हवा न लागणारी, म्हणजे त्या जंतूंना हवी तशीच असते. मुलाच्या लसीकरणाचे कार्ड या निमित्ताने काढून पाहा. पाच-सहा वर्षांचा बूस्टर आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची टीडीची लस राहिली असेल तर उपकेंद्रात जाऊन घ्या.

खूर सडला की आपण जनावराचा पाय मोरचुदाच्या पाण्यात बुडवतो. तो इलाज जनावराचा आहे, मुलाचा नव्हे. जनावरांच्या जखमेत किडे पडू नयेत म्हणून मारायचा फवाराही मुलाच्या अंगठ्यावर मारलेला मी पाहिला आहे. गरम तेलाचा थेंब सोडणे, चुना-गूळ बांधणे, भाजलेला कांदा बांधणे या सगळ्यांत रुतलेले टोक जागच्या जागीच राहते. हळदीला मी नावे ठेवणार नाही, पण अंगठ्यावर हळदीचा थर बसला की लाली पसरते आहे की ओसरते आहे हेच दिसत नाही.

डॉक्टरकडे केव्हा जावे

पू दिसू लागला, लाली अंगठ्यावरून पावलाकडे सरकू लागली, पायावर लाल रेघ चढली, ताप आला, जांघेत अवधाण आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नखाच्या कडेला लालभडक, हात लावताच रक्त येणारे मांस वाढले असेल तरीही घरचे उपाय थांबवावेत. मुलाला मधुमेह असेल, इन्सुलिन चालू असेल, तर सुरुवातीलाच डॉक्टर. त्याच्या बाबतीत एक दिवससुद्धा दुखणे अंगावर काढायचे नाही.

तान्ह्या बाळाचे प्रकरण थोडे निराळे आहे. बाळाचे नख पातळ आणि आखूड असते आणि बोटाचे मांस गुबगुबीत, त्यामुळे ते रुतल्यासारखे दिसते. बहुतेक वेळा ते आपोआप सुधारते. घट्ट मोजे काढावेत आणि तिथे काहीही टोकरू नये. पण बाळाचे बोट चहूबाजूंनी सुजून लाल-निळे झाले असेल तर बोटाला आईचा केस किंवा मोज्याचा धागा आवळला आहे का ते पाहावे आणि ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे.

पुष्कळ जण औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणतात. अँटिबायोटिकने पू कमी होतो, पण नखाचे टोक आत असेपर्यंत पुन्हा पू होतो. काटा न काढता जखमेवर नुसते औषध लावण्यासारखे ते आहे. नख फार रुतलेले असेल तर डॉक्टर अंगठ्याच्या मुळाशी सुई देऊन तो बधिर करतात, रुतलेल्या बाजूची नखाची अरुंद पट्टी मुळापर्यंत काढतात आणि तेवढ्या जागेच्या मुळाला फिनॉल नावाचे औषध लावतात, म्हणजे ती कड पुन्हा उगवत नाही. बाकीचे नख तसेच राहते. सुई टोचते तेवढा क्षण दुखते. मूल सहसा त्याच दिवशी घरी येते आणि पुढे काही आठवडे पट्टी बदलावी लागते. नुसते संपूर्ण नख उपटले आणि मुळाचे काही केले नाही तर नवे नख बऱ्याचदा पुन्हा तसेच रुतते. म्हणून ‘बाजूची पट्टी काढून मुळाला औषध लावणार का?’ असे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. आणि एक धोक्याची सूचना. हे फिनॉल म्हणजे घरात फरशी पुसायचे फिनेल नव्हे. नाव सारखे वाटले म्हणून फिनेल अंगठ्यावर ओतू नका.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत व रुग्णालयांत तपासणी आणि उपचार विनामूल्य केले आहेत. शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा मुलांची तपासणी करणारे पथक येते, त्यांनाही अंगठा दाखवता येतो. मात्र दुखणारे नख त्यांच्या फेरीची वाट पाहत ठेवू नये. मुली या वयात लाजेने पाय लपवतात, तेव्हा आईने आंघोळीच्या वेळी आपणहून पाहावे.

पट्टी बांधलेल्या मुलाला शाळेत पाठवताना पालकांनी वर्गशिक्षकांना स्वतः भेटावे किंवा चिठ्ठी द्यावी. गणवेशात बूट असले तरी दोन-तीन आठवडे या मुलाला चप्पल घालून बसू द्यावे, कवायतीला आणि खेळाला सोडावे, आणि परिपाठाला रांगेत उभे करण्याऐवजी वर्गातच बसू द्यावे. बहुतेक गुरुजी आणि बाई ऐकतात, पण आपण सांगितले तर.